हातोहाती फिरलेला माईक

मित्रांनो, माझ्या जाळीला पोचा आलाय, बटण सैल झालंय, तरी मी माईकच आहे. बिनतारी. जन्म कारखान्यातला, पण उमेदीची वर्षं गेली अमिरातीतल्या अल ऐन शहरातल्या एका हॉटेलात. लग्नं, कंपन्यांच्या पार्ट्या, मराठी मंडळींची कोजागिरी, सगळीकडे मी मिरवलो. "काय स्वच्छ आवाज आहे!" असं लोक म्हणायचे.

२००४ साली तिथे परिषद भरली. विषय होता, अरब समाजात लोकशाही कशी रुजवावी. दोन दिवस परदेशी तज्ज्ञच बोलत होते. मी प्रश्नोत्तरांची वाट पाहत टेबलावर तळमळत होतो.

मला फिरवायचं काम पुण्याहून आलेल्या मंजुषाचं. तिचे मॅनेजर राजनसर यांनी तिला बजावलं, "माईक कुणाच्या हातात द्यायचा नाही हं. आपणच धरायचा. प्रश्न लांबला की यल्ला, पुढे!"

प्रश्नांसाठी पहिला हात वर झाला सुरैय्याबाईंचा. त्या तिथल्याच, कॉलेजात शिकवणाऱ्या. मंजुषानं मला त्यांच्यापुढे धरलं.

"आम्ही बोलायला शिकावं, असं दोन दिवस ऐकतेय," त्या म्हणाल्या. "पण आम्ही बोलायचं कधी?"

"प्रश्न थोडक्यात," व्यासपीठावरून उत्तर आलं. राजनसरांनी दुरून खूण केली, माईक पुढे ने.

मंजुषानं ती पाहिली. नोकरी गेली की व्हिसा गेला, हे मलाही ठाऊक होतं. क्षणभर ती घुटमळली आणि तिनं मला सरळ सुरैय्याबाईंच्या हातात दिलं!

त्यांचं झाल्यावर मी शेजारणीकडे गेलो, मग मागच्या रांगेत. "मत द्यायचंय आम्हाला, पण तुम्ही शिकवाल तसं नाही," एक आजी म्हणाल्या. एका तरुणानं त्यांना कडाडून विरोध केला. आजींनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"खूण दिसली नाही तुला?" राजनसर नंतर कातावले.

"दिसली, सर. पण त्यांचं बोलणं अर्धवट राहिलं होतं."

मंजुषाची नोकरी राहिली, पण रवानगी झाली कपडे धुण्याच्या विभागात. नवे माईक आले नि मी कपाटात पडलो. आतली बॅटरी पाझरली. बोलण्यावाचून जीव कासावीस व्हायचा.

शेवटी हॉटेलनं जुनं सामान काढलं, तेव्हा सुरैय्याबाईंनी मला कॉलेजात नेलं, दुरुस्त केलं. तिथे मुलींनी आपली प्रतिनिधी निवडली. जिंकलेली बोलली, मग हरलेलीही बोलली, आणि सभागृह तितकंच शांत होतं.

मित्रांनो, काम झालं की माझी बॅटरी काढून ठेवत जा. आणि मी हाती आलो, तर मनातलं बोला नि मला पुढे द्या. एकाच मुठीत मला चैन पडत नाही.