उपाशी कोळसा

चर्चमध्ये पास्टर गात गात प्रवचन करू लागले की दुसरी ओळ उचलायची ती कोर्तोनेच. तिचा आवाज चढला की आम्हा बायांच्या डोळ्यांत आपसूक पाणी यायचं. पण हल्ली ती ओळ अर्ध्यावर सोडून नदीपलीकडे बघत राहायची.

पलीकडे आमचं जुनं गाव. युद्धात आम्ही पळालो, सीमेपलीकडे गिनी देशातल्या निर्वासितांच्या छावणीत वर्षं काढली, परतलो तर तिथे जंगल माजलेलं. मग रस्त्याकडेच्या तांबड्या मातीवर नवं गाव वसवलं. सगळ्यांनी घरं बांधली, कोर्तोने नाही. छावणीत डबड्यात पेरून पेरून तिने आईच्या कडू वांग्यांचं बी जगवलं होतं. गावप्रमुखाला तिने तोंडावर सांगितलं, "या बियाने इथे मूळ धरलं तर राहीन. नाहीतर एकटी पलीकडे जाईन."

शेतकी वर्गात आम्हाला शिकवलं होतं, मातीत लाकडाचा कोळसा मिसळा, जमीन ओल धरते. कोर्तो छावणीत कोळसा विकायची. गिऱ्हाइकाला द्यावा तसा तिने तो निवडला, धुतला, उन्हात वाळवला आणि कुटून वाफ्यात घातला. महिन्याभरात रोपं पिवळी पडली.

"बघितलंस केब्बे, ही माती मला आपली मानत नाही," ती मला म्हणाली.

"मातीवर कशाला ढकलतेस? हट्टी तू आहेस!"

तेवढ्यात काठी टेकत मा यासा आली. गावात सगळ्यांत म्हातारी, राखेचा साबण करणारी. तिने चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

"काय घातलंस गं यात?"

"कोळसा, मा. स्वच्छ धुतलेला."

म्हातारी खोकला येईपर्यंत हसली. "धुतलास? अगं बये, नवरी आहे का ती, न्हाऊमाखू घालायला? उपाशी पाठवलास त्याला. मग त्याने रोपांच्याच ताटातलं ओढून खाल्लं!"

"मग पलीकडे माझ्या आईच्या परसात माती काळीभोर होती, ती काय करायची?"

"मुद्दाम काही नाही. चुलीतला कोळसा मागे टाकायची. त्यावर माशाचे काटे, तेल काढलेला चोथा, तुला न्हाऊ घातलेलं पाणी. तिची आई तेच करायची, आजीही तेच."

कोर्तोने वाफ्यातली माती चिमटीत घेतली. मग हळूच म्हणाली, "मला वाटायचं, ती काळी माती देवाने दिली."

"दिलीच की. बायांच्या हातून दिली."

दुसऱ्या दिवशी कोर्तो मला घेऊन नदीपलीकडे गेली. तिच्या आईच्या परसाच्या जागी झाडं वाढली होती. पालापाचोळा सारून तिने उकरलं. हात कोपरापर्यंत आत गेला तरी माती काळीच. हात तसाच आत ठेवून ती कितीतरी वेळ बसली. ही आता उठत नाही, असंच मला वाटलं. मी मनातल्या मनात देवाला हाक मारली.

"राहायचंय का इथे?" मी विचारलं.

"जीव इथेच आहे गं." हात बाहेर काढून तिने तो हुंगला. "पण धुराचा वास गेला बघ. इथे मी एकटी राहून किती मासे खाणार, मातीला किती घालणार?"

तिने मूठभरही माती सोबत घेतली नाही.

परतल्यावर तिने गावप्रमुखाकडे जागा मागितली. आधी चूल कुठे मांडणार ते दाखवलं, घराचं नंतर. पिवळी रोपं उपटली. डबड्यात थोडं बी अजून होतं, ते झाकून ठेवलं. मग उरलेल्या कोळशाचा ढीग मागच्या दारी ओतून त्यावर मासे धुतलेलं पाणी टाकलं.

"केब्बे, काळी माती कोपरभर खोल व्हायला किती जणींचा जन्म जात असेल?"

मी ओल्या कोळशात बोट खुपसून बघितलं.

"माझ्याच्याने बोटभर होईल," ती म्हणाली, आणि नदीकडे बघत रिकामं भांडं हातात धरून तशीच उभी राहिली.