आबांच्या गादीतली ऊब

या, असे जवळ सरकून बसा. एका गादीची गोष्ट सांगते. ऐकाल तर हसाल, आणि घरी गेल्यावर आपली गादी उचलून बघाल.

आबांनी जन्मभर शिंपीकाम केलेलं. त्यांच्या खाटेजवळचा प्लग होता बायकोच्या लोखंडी कपाटाआड. ती देवाघरी गेल्यापासून त्या कपाटाला कुणी हात लावायचा नाही, हा आबांचा दंडक. मग उशाशी रेडिओ, दिवा आणि चहाची विजेची किटली चालायची कशी? आबांनी दाराजवळच्या प्लगपासून एकाला एक जोडत एक्स्टेन्शनच्या वायरी आणल्या, पायात येऊ नयेत म्हणून गादीच्या खोळीत सारल्या आणि वरून सुबक धावदोरा मारला. शिंपीच तो!

रविवार सोडला तर रोज सकाळी रेडिओवर भजन लागे. आबा किटलीचं बटण दाबत आणि डोळे मिटून पडत. दुखरी कंबर हळूहळू सैल पडे.

"सूनबाई, नामाचा महिमा बघ! पहिल्या कडव्यालाच पाठीत ऊब येते."

"रविवारी तर भजन नसतं, आबा."

"रविवारीही येते. देवाला कसली सुट्टी?"

सूनबाई थबकली. तिनं गादीखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. धावत जाऊन तिनं दाराजवळचा प्लग उपसला, मग कात्रीनं टाके उसवले. वायर तपकिरी पडून मऊ झालेली, खोळीला करपल्याचा डाग.

"आबा, ही ऊब किटलीची! एवढीशी वायर, तिच्यावर एवढा भार, वरून कापूस. निखाऱ्यावर निजत होता तुम्ही!"

आबांचा चेहरा उतरला. "म्हणजे कृपा नव्हतीच?"

"होती तर! अजून पेटला नाहीत, ती कुणाची?"

आबा कपाटाकडे बघत राहिले. "हिनं पाहिलं असतं तर म्हणाली असती, कपाटाला जपता आणि स्वतःला जाळता, अक्कल कुठं गहाण टाकलीत?"

आणि त्यांनीच आधी खांदा लावला. सूनबाईनं दुसरीकडून रेटलं. कपाट कुरकुरत सरकलं. दिवा न् रेडिओ थेट भिंतीच्या प्लगला लागले. किटलीची रवानगी स्वयंपाकघरात.

दुसऱ्या दिवशी सूनबाईनं चहा आणि गरम पाण्याची पिशवी आणून दिली. "काय आबा, भजनाची ऊब येते का अजून?"

"येते गं. पण कंबरेत नाही, जरा वर."

तेव्हा मायबापहो, आज अंथरुणाला पाठ टेकण्याआधी गादीखाली हात फिरवा, आणि फिरवताना त्या सूनबाईची आठवण असू द्या.