आधी बाळ, मग पाव

मित्रांनो, मी एक जुनी रबरी बाहुली आहे. पण माझ्याशी आजवर एकही मूल खेळलेलं नाही. माझ्याशी डॉक्टर खेळतात. खेळतात कसले, घाम गाळतात!

डेन्मार्कमधल्या एका लहानशा बंदराच्या गावी, इस्पितळाच्या बाळंतपण विभागात मी राहते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाएवढीच मी आहे. माझ्या नाकातोंडावर छोटा मुखवटा नीट बसवून हवा दिली, की छाती वर येते. जरा फट राहिली, तर हवा फुस्स! काही बाळं जन्मल्यावर रडायचंच विसरतात ना, त्यांच्यासाठी शिकाऊ डॉक्टरांचे हात माझ्यावर तयार होतात.

मला इथं आणलं बोडिलने. ती इथली सर्वांत जुनी सुईण. दर शुक्रवारी सकाळी ती बेकरीतून गरम पाव आणायची, टोपलीवर फडकं टाकायची आणि मला टेबलावर निजवायची. "आधी बाळ, मग पाव," हा तिचा नियम. तेव्हा एस्किल नावाचा एक उंच, धांदरट डॉक्टर शिकत होता. त्याचा पाव दर वेळी गार व्हायचा.

"अरे, कणीक तिंबतोयस का? बाळ आहे ते!" बोडिल म्हणायची. त्याच्या अंगठ्याचा खळगा माझ्या हनुवटीवर अजून आहे. पुढे त्याचा हात असा बसला, की बोडिलने त्याला दोन पाव दिले. त्या दिवशी माझंच कौतुक झाल्यासारखं मला वाटलं.

वर्षं गेली. एस्किल विभागाचा प्रमुख झाला. कामं वाढली, माणसं कमी झाली. "आज घाई आहे, बाळ पुढच्या शुक्रवारी," असं होता होता मी कपाटात गेले, पांघरुणांच्या मागे. पाव मात्र येतच राहिले. सगळे टेबलाभोवती बसत, म्हणून वहीत 'शिकवणी झाली' असं लिहिलंही जाई. कुणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. मला फटीतून नुसता पावाचा वास यायचा.

मग मारेन आली. बालरोगाची शिकाऊ डॉक्टर. एका मंगळवारी एक बाळ गप्पच जन्मलं. मारेनने मुखवटा धरला, पण हवा बाजूने निसटली. पलंगावरची आई मान उंचावून फक्त मारेनच्या हातांकडे पाहत होती. बोडिलने मारेनच्या हातावर आपला हात ठेवला, बाळाची हनुवटी किंचित उचलली, आणि बाळ रडलं. त्या दुपारी मारेन पांघरूण काढायच्या निमित्ताने कपाटाशी आली, दार लावून घेऊन रडली. तेव्हा मी तिला सापडले.

आमच्याकडे दर काही वर्षांनी दुसऱ्या इस्पितळांतले डॉक्टर येऊन पाहतात, की इथं शिकाऊंना खरंच शिकवतात का. नाही म्हणाले, तर मान्यता जाते. मग शिकाऊ येत नाहीत, पाळ्या भरत नाहीत आणि विभाग बंद पडतो. गावातल्या आयांना कळा सोसत तासभर दूर जावं लागलं असतं.

ते येणार त्या सकाळी एस्किल हळूच म्हणाला, "मारेन, खरं तेच सांग. पण विभागाचं दार बंद झालं तर काय होईल, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. माझ्या बहिणीला ऑगस्टमध्ये बाळ होणार आहे. इथंच."

तपासणीला आलेल्या गुड्रून बाईंनी वही उघडली. "दर शुक्रवारी शिकवणी! वा! गेल्या शुक्रवारी काय होतं गं?"

मारेन म्हणाली, "खसखशीचा पाव."

"आणि त्याच्या आधी?"

"तिळाचा."

गुड्रून बाई हसल्या. बाकी कुणी हसलं नाही. मारेन उठली, मला कपाटातून घेऊन आली आणि तिने मला धुळीसकट टेबलावर ठेवलं. "मला हिच्यावर शिकायचं होतं. त्या मंगळवारी बोडिल नसती तर…"

एस्किलने माझ्या हनुवटीवर अंगठा ठेवला. खळग्यात तो बरोब्बर बसला. "हा माझा," तो म्हणाला. "आणि विसरलो तोही मीच."

मान्यता राहिली, पण एकाच वर्षापुरती. शुक्रवारचा तास कुठल्याही कामासाठी मोडायचा नाही, ही अट. गुड्रून बाई पुन्हा येऊन पाहणार आहेत.

ऑगस्टमध्ये मारेनच्या बहिणीचं बाळ जन्मलं. जन्मताच असं बोंबललं, की कुणाला काही करावंच लागलं नाही! मारेन मात्र हात तयार ठेवून उभी होती. मुखवटा कसा धरायचा, ते आता त्यांना ठाऊक होतं.

मित्रांनो, मला जपायचं म्हणून कपाटात ठेवू नका. माझं रबर झिजू दे, खळगे पडू देत. शिकणाऱ्याला वेळ द्या. त्याच्या हातात उद्या कुणाचं तरी बाळ असणार आहे. आज शुक्रवार आहे. टोपलीतून वाफ येतेय, नवा शिकाऊ तिकडेच बघतोय, आणि मारेन त्याला म्हणतेय, "आधी बाळ!"