जज्ज क्रॉलींच्या खोगिराचा तंग

मी एक जुने खोगीर आहे. जज्ज ॲबनर क्रॉली यांची थोरली मुलगी लव्हिनिया हिचा बाप्तिस्मा झाला त्या वर्षी, म्हणजे १८२९ साली, गॉटलीब राउख नावाच्या जर्मन कारागिराने मला शिवले. क्रॉली तेव्हा राज्याच्या हायकोर्टाचे जज्ज नुकतेच झाले होते.

आमच्या राज्यात हायकोर्टाचे जज्ज तीन. वर्षातला बराच काळ ते घोड्यावरून गावोगाव फिरत आणि एकेकटे खटले चालवत. हिवाळा सरला की तिघे राजधानीत एकत्र बसून त्याच निकालांवरची अपिले ऐकत. आपला निकाल आपणच पुन्हा तपासायचा, अशी रीत. एखादा जज्ज आला नाही आणि उरलेल्या दोघांची मते फुटली, तर खालचा निकाल कायम राही.

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. वकीलही आमच्याबरोबरच फिरत. एकदा घोडा चिखलात अडून बसला तेव्हा थार्प वकील म्हणाला, "जज्जसाहेब, घोडा तहकुबी मागतोय."

"अर्ज फेटाळला म्हणून सांग त्याला," जज्ज म्हणाले आणि स्वतःच चिखलात उतरले.

मुक्कामाला पोहोचले की ते आधी मला पुसत, तंगाला, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायच्या माझ्या पट्ट्याला, चरबी चोळत, मग जेवत.

एका गावात ब्लेडसोच्या खानावळीशिवाय उतरायला दुसरे छप्पर नव्हते. तिथली स्वयंपाकीण केझाया ही ब्लेडसोची गुलाम. त्याने तिला सहा वर्षे नदीपलीकडच्या राज्यात कामाला ठेवले होते. तिथे गुलामी नव्हती. म्हणून आपण तिथेच मोकळ्या झालो, असा तिचा दावा होता. थार्पने तो चालवला. जज्जांनी निकाल दिला, की मालकाने तिला कायमचे राहायला नेले नव्हते, सबब ती गुलामच. त्या रात्री ते ब्लेडसोच्याच टेबलावर जेवले आणि वाढले केझायानेच.

सकाळी जज्ज ओट्यापाशी माझा तंग आवळत होते. ती बाहेर आली.

"भाकरी बांधून दिलीय, जज्जसाहेब. एक विचारू?"

"विचार."

"सहा हिवाळे काढले मी तिथं. माझी फीबी तिथंच जन्मली. हे कायमचं नाही, तर कायमचं म्हणजे किती हो?"

जज्जांनी तंग सैल केला, पुन्हा आवळला. "अपील कर," ते म्हणाले. "थार्पला सांग."

"आणि वर कोण बसतं?"

"आम्ही तिघं. त्यात मीही."

केझाया हसली. "मग झालंच की."

पुढे जज्जांचे शरीर सुटले. त्यांनी बग्गी घेतली आणि मी तबेल्यातल्या खुंटीवर गेलो. धूळ बसली. उन्हाळ्यात चामडे सुकले, तडकले. जज्जांच्या पत्नी परमेलियाबाई म्हणत, "अहो, त्या खोगिराला चरबी लावा जरा."

"पुढच्या आठवड्यात," जज्ज म्हणत.

१८४१ च्या मार्चमध्ये केझायाचे रखडलेले अपील अखेर सुनावणीला लागले. त्याच सुमारास पुराने राजधानीच्या वाटेवरचा पूल वाहून गेला. जज्ज तबेल्यात आले, मागोमाग बाई.

"मी चुकलो होतो, परमेलिया. तिथं सगळ्यांसमोर तसं सांगणार आहे. बाकीच्या दोन जज्जांत थॉर्न तिच्या बाजूचा आहे, गेज नाही. मी नसलो तर ती बुडाली."

"बग्गी कशी जाईल?"

"घोड्यावर जातो. वरच्या अंगाला उतार आहे, घोडा पाण्यातून जाईल."

"या खोगिरावर?"

त्यांनी माझ्यावरची धूळ फुंकली. तंग हातात घेऊन ओढून पाहिला, आणि घाईने आवळला.

ओढ्याची दरड चढताना तो तुटला. जज्ज माझ्यासकट खाली आले आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. बऱ्याच वेळाने एक गाडीवाला आला.

"राजधानीत निरोप पोचवा. थांबा म्हणावं," जज्ज म्हणाले.

"पूल नाही, साहेब. मी काय गाडी पोहत नेऊ?" असे म्हणून त्याने आम्हा दोघांना उचलून गाडीत घातले.

पाणी ओसरल्यावर थार्प आला. मी जज्जांच्या खोलीत कोपऱ्यात पडलो होतो.

"एकास एक," तो म्हणाला. "खालचा निकाल कायम."

जज्ज मग म्हणाले, "फेरसुनावणी मागू."

"कोणासाठी? ब्लेडसोनं तिला दुसऱ्याच दिवशी दक्षिणेला विकलं. फीबीला ठेवून घेतलं."

त्यानंतर जज्ज बरीच वर्षे कोर्टात बसले. लंगडत जात. त्यांच्या न्यायबुद्धीची भाषणांत स्तुती होई. मला नवा तंग त्यांनी कधी लावला नाही. पण दर वसंतात तबेल्यात येत, त्या तुटक्या तंगाची दोन्ही टोके चरबीने नीट चोळत आणि मला पुन्हा खुंटीवर टांगत. चामडे मऊ झाले. त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता.

मित्रांनो, चामडे तडकलेले दिसले तर त्याच दिवशी चरबी लावा. ज्याच्याकडे तुमचे जायचे ठरले असेल, तो तिकडे वाट पाहत असतो.

केझाया १८४५ च्या उन्हाळ्यात दक्षिणेत उसाच्या मळ्यावर तापाने वारली. जज्ज ॲबनर क्रॉली १८६१ च्या जानेवारीत आपल्या घरी, आपल्या पलंगावर वारले. फीबी तेव्हाही ब्लेडसोच्या खानावळीत स्वयंपाक करत होती.