शेवटचा तुकडा

दुकान काकांचं होतं, पण त्यातलं कॉम्प्युटरचं सगळं पुतणी बघायची. लहानपणी ती एका जागी ठरायची नाही म्हणून काकांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं, आणि तिशी उलटली तरी तेच चालू होतं. लोक जुन्या कॅसेट घेऊन येत. काका त्या पुसत, तुटलेली फीत जोडत, यंत्रावर लावत, आणि पलीकडच्या टेबलावर भिंगरी त्या आवाजाची फाइल करून देई. विकतचा प्रोग्रॅम सारखा अडकायचा, म्हणून तिने स्वतःचा लिहिला होता. तो झपाट्याने चालायचा. येणाऱ्या प्रत्येकाला काका न विचारता सांगत, "आमच्या पोरीने बनवलाय हा."

गल्लीच्या तोंडाशी चष्म्यांचं दुकान चालवणारे गृहस्थ एक छोटी कॅसेट घेऊन आले. जुन्या फोनच्या यंत्रात निरोप साठवायची, ती. तिच्यावर त्यांच्या आईचा आवाज होता. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. फाइल हातात पडताच त्यांनी ती दुसऱ्या शहरातल्या धाकट्या बहिणीला पाठवली. बहीण आईशी भांडून गेली होती आणि शेवटच्या आजारातही आली नव्हती. भावाला वाटलं, आवाज ऐकून तिला बरं वाटेल.

तिचा फोन आला तो असा. "दादा, पुढचं का कापलंस?"

"काय कापलं?"

"शेवट ऐकलास का तू?"

त्यांनी ऐकला नव्हता. मग ऐकला. आई म्हणत होती, धाकटीची लोकरीची शाल इथंच राहिली आहे, घेऊन जा म्हणावं. चला, ठेवते. त्यानंतर खोकला, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि पुन्हा आई: "आणि हो, धाकटीला सांग—" बस. तिथेच फाइल संपत होती.

"शाल सांगून झाली होती तिची," बहीण म्हणाली. "हे दुसरं काहीतरी होतं. माझ्यासाठी होतं. तुला ते माझ्यापर्यंत पोचू द्यायचं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी चष्मेवाले कॅसेट घेऊन दुकानात आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. भांडायला आले नव्हते. "उरलेला भाग राहिलाय का तुमच्याकडे, एवढंच बघा," म्हणाले.

काकांनी कॅसेट यंत्रावर लावली आणि कॉम्प्युटर मध्ये न आणता सरळ स्पीकरवर ऐकवली. आई "चला, ठेवते" म्हणाली आणि पुढे नुसती खरखर.

"मग ते दुसरं कुठून आलं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

काकांनी भिंगरीकडे पाहिलं. भिंगरी स्क्रीनकडे बघत होती.

तिला फार शोधावं लागलं नाही. प्रोग्रॅम आवाज एका दमात वाचत नव्हता, तुकड्या-तुकड्याने वाचत होता. तुकडा ठेवायला तिने मेमरीत एक जागा राखली होती, बफर. काम पटापट व्हावं म्हणून बफर चांगला ऐसपैस घेतला होता. त्यात आवाजाचे बाइट भरायचे, फाइलमध्ये लिहायचे, पुन्हा त्यावरच पुढचे भरायचे. शेवटच्या खेपेला मात्र बाइट कमी येत, बफर अर्धामुर्धाच भरे, आणि उरलेल्या जागेत आधीच्या खेपेचे बाइट तसेच पडून राहत. वाचणारं फंक्शन दर खेपेला सांगतं की या वेळी किती बाइट आले. तो आकडा भिंगरीने घेतलाच नव्हता. ती दर वेळी अख्खा बफर लिहून टाकत होती.

बहुतेक कॅसेटच्या शेवटी शांतताच असते. शांततेपुढे आणखी थोडी शांतता लागली तर कुणाला कळणार? इथे आई बोलत असतानाच शेवटच्या आधीचा तुकडा तुटला होता, आणि त्याचीच शेपटी फाइलच्या शेवटी पुन्हा चिकटली होती.

तिने सगळं चष्मेवाल्यांना सांगितलं. कारणं पुढे केली नाहीत. "चूक माझी आहे," म्हणाली. "तुमच्या बहिणीशी मी बोलू का?"

"तुमचं ऐकेल ती?" ते म्हणाले. "माझं तर ऐकत नाही."

बहिणीने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, मी येते. रविवारी भाऊ-बहीण दोघंही दुकानात आले. तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली नाही. काकांनी पुढे केलेल्या खुर्चीवर बसली नाही.

"कॅसेट दादाकडे होती," ती म्हणाली. "पुसताही येते."

"येते," भिंगरी म्हणाली. "म्हणून कॅसेट बाजूला ठेवू. फाइलच बघा."

तिने स्क्रीनवर आवाजाची रेघ उघडली. मधल्या एका जागी आई खोकत होती, खुर्ची सरकत होती, आणि आई म्हणत होती, "आणि हो, धाकटीला सांग, तिची शाल..." शेवटीही तसाच खोकला, तशीच खुर्ची. भिंगरीने दोन्ही तुकडे एकाखाली एक लावले. प्रत्येक चढ, प्रत्येक उतार सारखा होता.

"एकच माणूस दोनदा हुबेहूब असा खोकत नाही, ताई. हा तोच खोकला आहे. माझ्या प्रोग्रॅमने परत लिहिला."

"पुन्हा लावा."

भिंगरीने लावलं. आणखी एकदा लावलं. चष्मेवाले दाराशी उभे राहून रस्त्याकडे बघत होते.

"म्हणजे शालीचंच होतं," बहीण म्हणाली.

"हो."

"त्यापुढे काही नाही."

"नाही."

ती खुर्चीवर बसली. मग ती भावाकडे न बघताच म्हणाली, "हा निरोप कधीचा रे?"

"तू गेलीस त्याच आठवड्यातला."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"शालीसाठी काय फोन करायचा, असं वाटलं मला." ते थांबले. "करायला हवा होता."

"हवा होता," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिने डोळे पुसले, पिशवी उचलली आणि भिंगरीकडून दुरुस्त केलेली फाइल मागून घेतली. जुनी ठेवायची की काढून टाकायची, असं भिंगरीने विचारलं तेव्हा म्हणाली, "काढून टाका. नाहीतर मी वाट बघत बसेन." दोघं बाहेर पडली. समोरच्या फुटपाथवर बराच वेळ बोलत उभी होती. बोलणं गोड चाललं होतं असं काही दिसत नव्हतं, पण निघाली ती एकाच दिशेने.

प्रोग्रॅममध्ये बदल एका ओळीचा होता. जितके बाइट आले तितकेच लिहायचे. निस्तरायचं काम मोठं होतं. काकांनी पोरीचं कौतुक काही दिवस आवरतं घेतलं आणि म्हणाले, "भिंगरे, झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना फोन लाव. फुकट करून देऊ म्हणावं."

तिने लावले. बहुतेकांनी फाइल शेवटपर्यंत ऐकलीच नव्हती, काहींनी तर उघडलीही नव्हती. स्वतःच्या जुन्या गाण्याची कॅसेट दिलेल्या एका म्हाताऱ्या गायनशिक्षकांनी तेवढं आधी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे ती तान मी दोनदा घेतली नव्हती?"

"नाही, सर. एकदाच घेतली होती."

"मला वाटलं, तेव्हापासूनच माझं डोकं फिरायला लागलं होतं," ते म्हणाले. "म्हणून कुणाला ऐकवलीच नाही. नवीन कधी देतेस?"

"उद्या सकाळी घरी आणून देते," भिंगरी म्हणाली आणि तिने पुढचा नंबर फिरवला.