चौकटीबाहेरचे बोट

चित्र रुंद झाले ते एका सोमवारी, सायंकाळी सातच्या बातम्यांना. स्थळ: एका स्थानिक वृत्तवाहिनीचा तळमजल्यावरील एकमेव स्टुडिओ. त्या वेळी तिथे हजर असलेल्या प्रत्येकाला नंतर कुणी ना कुणी जाब विचारला. मला मात्र कुणीच काही विचारले नाही; म्हणून आज न विचारताच सांगतो.

मित्रांनो, मी एक जुना चौकोनी मॉनिटर आहे. कॅमेरा जे पाहतो, ते स्टुडिओतल्या माणसांना दाखवणे हे माझे काम. पुढून काच, पाठीला कुबड आणि पायाखाली चार चाकांचा गाडा, असे माझे रूप. कारखान्यात माझी परीक्षा झाली तेव्हा माझ्या काचेवर एक वर्तुळ उमटवले होते. ‘वर्तुळ वर्तुळच दिसलं पाहिजे, अंडं नव्हे,’ असे तपासनीस म्हणाला आणि त्याने मला पास केले. ती शिकवण मी जन्मभर पाळली. कुणाला फुगवले नाही, कुणाला वाळवले नाही. जेवढे माझ्यापुढे आले तेवढे जसेच्या तसे दाखवले.

स्टुडिओत माझी जागा कॅमेऱ्याच्या शेजारी, बातम्यांच्या टेबलासमोर होती. टेबलामागे दादा बसत. साऱ्या गावाला ते दादा म्हणूनच ठाऊक होते. त्यांचा आवाज असा, की आगीची बातमीही ऐकणाऱ्याला धीर देऊन जाई. त्यांच्या पत्नी स्टुडिओत रंगभूषा करीत. त्या आम्हां सर्वांच्या वहिनी. बातम्या सुरू होण्यापूर्वी त्या दादांच्या कपाळावर पावडरचा शेवटचा हात फिरवीत आणि म्हणत, ‘अहो, आता घाम पुसायचा नाही हं. केलेलं सगळं वाया जातं.’ दादा म्हणत, ‘अगं, इतकी वर्षं लिंपतेयस, भिंत असती तर एव्हाना दोन इंच पुढे आली असती.’

मग दादांना आजारपण आले. त्यातून ते उठले, आवाजही शाबूत राहिला. पण डोळ्यांत एक विचित्र उणीव राहून गेली. एक ओळ वाचून संपली की पुढची ओळ त्यांना सापडत नसे. नजर कागदावर भरकटे, जशी वाट चुकलेली मुंगी. आमचे बातमीपत्र कागदावरूनच वाचले जाई. डॉक्टरांनी हात टेकले. वहिनींनी टेकले नाहीत. त्यांनी एक बुटके स्टूल आणले, टेबलाच्या कडेला मांडले आणि दादांच्या कागदावर आपले बोट ठेवले. ओळ संपली की बोट खाली सरके. दादांची नजर त्या बोटाच्या मागून जाई आणि आवाज एकदाही अडखळत नसे.

हे सारे चौकटीबाहेर चाले. आमच्या कॅमेरामनला सगळे मामा म्हणत. मामांनी चित्र टेबलाच्या कडेपाशी, दादांच्या कोपराला लागून कापले आणि जिथे ते कापले जाई तिथे फरशीवर एक पांढरी पट्टी चिकटवली. ‘वहिनी, ही आपली सीमा. हिच्या पलीकडे तुम्ही राणी. अलीकडे आलात तर मला घरी बसवतील.’ वहिनी पट्टीपलीकडे बसत. कागद दादा इतका कडेला सरकवून ठेवीत की बोट पोचे आणि चौकटीत येत नसे. रोज सुरुवातीला वहिनी माझ्याकडे एकदा पाहून घेत. मी त्यांना दाखवी: दादा आहेत, तुम्ही नाही. त्या निर्धास्त होत.

नंतर दिवस असे आले की घरोघरचे पडदे रुंद झाले आणि आमचे चौकोनी चित्र त्यांत दोन बाजूंना काळ्या पट्ट्या घेऊन ओशाळवाणे उभे राहू लागले. आमच्या मालकांच्या खिशाला सगळी यंत्रे बदलणे झेपणारे नव्हते. आमचे इंजिनियर, ज्यांना सगळे पाठीमागे ‘काटकसर’ म्हणत, त्यांनी तोडगा काढला. जुना कॅमेरा जाईल, रुंद चित्राचा एक वापरलेला कॅमेरा येईल आणि तो एका जागी पक्का बसवला जाईल. म्हणजे त्यामागे माणूस नको. मॉनिटर मात्र जुनेच राहतील. मध्ये एक छोटी पेटी बसेल. ती रुंद चित्राच्या दोन्ही बाजू छाटून मधला चौकोन आम्हांला देईल.

‘बाजूचं नाही दिसलं तर?’ मालकांनी विचारले.

‘बाजूला असतं काय साहेब? भिंत! बातमी नेहमी मधेच बसते.’

भिंतीच्या दोन्ही अंगांना प्लायवूडचे नवे तुकडे जोडून निळे रंगवले. नवा निळा जुन्याला जुळेना, तेव्हा सुताराने सांगितले, ‘जुळेल हळूहळू. नवरा-बायको तरी पहिल्या दिवशी कुठे जुळतात?’ इंजिनियरांनी भर दुपारी, टेबल रिकामे असताना, आपल्या घरून आणलेला रुंद टीव्ही जोडून कॅमेरा बसवला, समाधानाने मान हलवली आणि टीव्ही परत घरी नेला. वहिनींचे स्टूल तेव्हा रंगभूषेच्या खोलीत होते.

मामांना निरोपाचा हार मिळाला. जाताना ते वहिनींना एवढेच म्हणाले, ‘पट्टी तेवढी सांभाळा.’

आणि वहिनींनी ती सांभाळली. फरशी धुताना पट्टी निघाली, तेव्हा जुन्या डिंकाचा माग शोधून, गुडघ्यांवर बसून, त्यांनी नवी पट्टी तिथल्या तिथे चिकटवली. एक बोटभरही इकडेतिकडे नाही. जगात चुका बहुधा निष्काळजीपणामुळे होतात, असे म्हणणाऱ्यांशी माझा येथे वाद आहे. ही चूक पराकाष्ठेच्या काळजीतून घडली.

त्या सोमवारी सात वाजता वहिनींनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहिले. मी नेहमीप्रमाणे दाखवले: दादा आहेत, तुम्ही नाही. नियंत्रण कक्षातल्या माझ्या भावंडांनीही तेच दाखवले. दादांनी पाण्याची बातमी वाचली, शाळेची वाचली. बोट सरकत होते. बाहेर फोन वाजू लागला आणि थांबेना.

गावातल्या प्रत्येक रुंद पडद्यावर दादांच्या शेजारी, बुटक्या स्टुलावर, एक वयस्क बाई दिसत होती. पहिलीतल्या मुलाला शिकवावे तशी ती त्यांना बोटाने ओळ दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक स्टुडिओत आले. ते दुष्ट नव्हते, हे मी मुद्दाम नोंदवतो. ‘दादा, लोक हसले असते तर मी भांडलो असतो. लोक हसले नाहीत हो. तब्येत विचारतायत. बातम्या कुणी ऐकल्याच नाहीत.’

इंजिनियर खाली मान घालून उभे होते. म्हणाले, ‘चित्र जवळ घेऊन बघतो.’ पण वहिनी बाहेर जाईपर्यंत चित्र जवळ आणले तर दादांचे कपाळ आणि हनुवटी कापली जात होती. मग म्हणाले, ‘त्या बाजूला एक रंगीत पट्टा टाकू. हवामान, वेळ, काहीतरी. वहिनी झाकल्या जातील.’

आजवर स्टुडिओत दादांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. ‘झाकायला ती काय डाग आहे? माझ्या सगळ्या आयुष्यात ती पडद्यावर आली कालच. तीसुद्धा स्टुलावर, पाठ वाकवून. आता तिच्यावर हवामान चिकटवू?’

‘अहो, चिकटवू दे की,’ वहिनी म्हणाल्या. ‘मला कुठे मिरवायचंय?’

‘मला मिरवायचं होतं,’ दादा म्हणाले.

शेवटी दादांनीच सुचवले, की स्टूल नव्या हद्दीपलीकडे ठेवून बघू. इंजिनियरांनी पुन्हा घरचा टीव्ही आणला आणि मला गाड्यासकट भिंतीकडे ढकलले. तिथून मला दोघेही दिसत होते. नवी पट्टी इतकी दूर पडली, की वहिनींनी हात पुरता ताणला तरी कागद लांबच राहिला. कागद त्यांच्याकडे सरकवला तर दादांना वाचता येईना.

‘मी एकटा वाचतो,’ दादा म्हणाले.

पहिली ओळ त्यांनी अशी वाचली, की वाटले, दुखणे बरे झाले. मग ओळ संपली. दादांची नजर कागदावर फिरू लागली, वर, खाली, पुन्हा वर. ओठ उघडे राहिले, आवाज येईना. आणि मित्रांनो, दूर स्टुलावर वहिनींचे बोट त्यांच्या स्वतःच्या मांडीवर ओळीओळीने खाली सरकत होते. कागदही नसताना, कुणाला दिसत नसताना.

दादांनी कागदाची घडी केली. ‘पुरे,’ ते म्हणाले, आणि कपाळाचा घाम पुसला. वहिनींनी त्यांना अडवले नाही.

पुढे वाहिनीने कसेबसे रुंद मॉनिटरही घेतले आणि मी जिन्याखाली आलो. माझ्या काचेवर धूळ आहे, कुबडावर तुटक्या खुर्च्या आहेत. त्याचा मला राग नाही. यंत्राने जागा सोडावी हे रास्तच. माझे मागणे वेगळे आहे. मित्रांनो, घरात, शाळेत, कामावर काही नवे आणाल, मोठे कराल, तेव्हा जुन्याच्या कडेला, न दिसणाऱ्या जागी, कुणी कुणाला धरून बसले आहे का, ते आधी वाकून पाहा. मधले सगळ्यांनाच दिसते.

परवा वहिनी आपली रंगभूषेची पेटी आणि ते बुटके स्टूल न्यायला आल्या होत्या. इंजिनियर पेटी उचलायला धावले. मला पाहून ओशाळून म्हणाले, ‘हाही आता भंगारात जाणार, वहिनी. चांगला आहे अजून, पण याच्यात मावत काय होतं?’

वहिनींनी पेटीतला पावडरचा पफ काढला, माझ्यावरची धूळ झटकली आणि काचेत क्षणभर पाहिले.

‘याच्यात मी मावत नव्हते,’ त्या म्हणाल्या, ‘म्हणून यांचं निभावत होतं.’