फिल्टरला खळ

मारोतरावांनी फिल्टरचं झाकण उघडलं, तर आतून एक झुरळ असं सावकाश बाहेर आलं, जणू घर त्याचंच आणि मारोतराव पाहुणे.

"साहेबाघरचं आहे," मारोतराव म्हणाले. "माणसाले भीत नाही."

त्यांच्या बायकोनं, तुळजाबाईंनी, केरसुणीच्या एका फटक्यात त्याची बदली केली.

फिल्टर सदर भागात झालेल्या, एका साहेबाच्या सामानाच्या लिलावातला. स्टीलचे दोन डबे, एकावर एक. वरच्या डब्यात पांढरी कँडल. पाणी तिच्यातून झिरपून खालच्या डब्यात उतरायचं, मग तोटीतून पेल्यात. उद्या सुनेची आई येणार म्हणून ही सगळी धावपळ. मागच्या खेपेला सत्यवतीबाई धंतोलीहून थर्मासमध्ये स्वतःचं पाणी घेऊन आल्या होत्या. पुरणपोळी इथली खाल्ली, वडे इथले खाल्ले, पाणी मात्र स्वतःचं. ते न प्यायलेलं पाणी तेव्हापासून तुळजाबाईंच्या घशात अडकलं होतं.

मारोतरावांनी डबे राख-चिंचेनं घासून लखलखीत केले. कँडलवरचं शेवाळ कुंच्यानं काढलं. हाताला पांढरी पूड लागली. सारा जन्म मागावर लुगडी विणण्यात गेलेला. बोटाला सुटते ती वस्तू कच्ची, एवढं त्यांना पक्कं ठाऊक.

"याले खळच नाही लागली वं."

"सुताले खळ, धोतराले खळ. आता पाण्याले बी द्या!"

हा टोमणा होता. मारोतरावांना सल्ला वाटला. भाताच्या घट्ट पेजेचे दोन हात देऊन त्यांनी कँडल मे महिन्याच्या उन्हात वाळत घातली. संध्याकाळी ती नवरदेवाच्या धोतरासारखी कडक झाली होती.

रात्री भरलेला वरचा डबा सकाळी तसाच काठोकाठ. खालचा कोरडा ठाक. खळीनं कँडलची सगळी बारीक भोकं बुजवून टाकली होती. मारोतरावांनी तोटीत फुंकर मारली, मग तिला कान लावला.

"उतरून राहिलं. थांब जरा."

"काय उतरून राहिलं? तुमचं तोंड?"

दारात सायकलरिक्षाची घंटी वाजली. मारोतराव टोपी शोधत बाहेर पळाले. तुळजाबाईंनी फिल्टरकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या, ओलं फडकं गुंडाळलेल्या माठाकडे. त्या काही बोलणार, तोच शामलानं, त्यांच्या सुनेनं, पदर खोचला आणि फिल्टरचा वरचा डबा उचलून धरला.

तुळजाबाईंनी माठातलं पाणी भराभर तांब्यानं खालच्या डब्यात ओतलं.

"आईले सांगशील काय वं?"

"काय सांगू? मी तर डबा धरून राहिली."

सत्यवतीबाई थर्माससह आत आल्या. मारोतरावांनी त्यांना थेट फिल्टरपुढं उभं केलं आणि देवाचं नाव घेऊन तोटी फिरवली. पाण्याची धार सुटली.

"आलं!" ते ओरडले. मग टोपी सारखी केली. "म्हणजे... येतेच."

सत्यवतीबाईंनी एक घोट घेतला. थांबल्या. पेला नाकाशी नेला.

"मारोतराव, पाण्याले वाळ्याचा वास येऊन राहिला."

तुळजाबाईंनी पदर तोंडाशी धरला. माठात वाळ्याची जुडी त्यांनीच टाकली होती.

"साहेबाचं फिल्टर आहे, विहीणबाई," मारोतराव म्हणाले. "वासाचंच देते."

सत्यवतीबाईंच्या घरीही फिल्टर होता. त्यांनी या फिल्टरकडे पाहिलं. मग माठाकडे; त्याच्या झाकणावरचा तांब्या अजून ठिबकत होता. त्यांनी पेला संपवला. दुसरा मागितला. तोही संपवला.

निघताना त्यांनी अंगणात जाऊन थर्मास तुळशीत रिता केला आणि तुळजाबाईंपुढं धरला.

"यात भरून द्या. तुमच्या फिल्टरचं."

"आणा, मी भरतो!" मारोतरावांनी हात पुढं केला.

"तुमी बसा," सत्यवतीबाई म्हणाल्या. "त्याइले भरू द्या. त्याइले मालूम आहे, कुठून भरायचं ते."